इस्तावा : एका कादंबरीच्या प्रकल्प नोंदी

18 नोव्हेंबर 2024, चोपडा

कामाचं नाव तूर्त 'इस्तावा'. आमचं घराणं सुरतेकडून तापीच्या काठाकाठानं चोपड्याच्या बाजूला आलं, त्यावर कादंबरी. काळ 1838 च्या आसपास. पाया घरातल्या गोष्टींचा, बाकी रचलेलं. निमित्त आप्पांचं, म्हणजे माझ्या थोरल्या काकांचं. त्यांना कुळाचा मेळावा भरवायचाय आणि त्यात वाटायला 'घराण्याचा इतिहास' हवाय. मी म्हटलं, इतिहास लिहावा एवढे कागद आपल्याकडे नाहीत, कादंबरी लिहीन. आप्पांना दोन्हींत फारसा फरक वाटला नाही. "फोटो टाकशी ना पन?" एवढंच विचारलं.

घरातली गोष्ट मोठ्या मायकडून ऐकलेली. दोन भाऊ, एक गाडी, चार बैल. वाटेत एक बैल वाघानं नेला. तापी ओलांडताना धाकट्याची बायको वाहून जाता जाता वाचली. इथं पोचले तेव्हा नुसतं रान, माणूस औषधाला नाही. रान तोडलं, विहीर खणली, गाव वसवलं. एका आत्याच्या सांगण्यात वाघानं बैल नव्हे, गडीच नेला. बाकी तपशील सगळ्यांचा सारखा, आणि 'माणूस औषधाला नाही' हे वाक्य तर सगळे एकाच सुरात म्हणतात.

उद्यापासून निवडणुकीची ड्युटी. साहित्य ताब्यात घ्या, केंद्रावर झोपा, यंत्रं जमा करा. शाळेत शिकवणाऱ्यानं कादंबरी लिहायला घेऊ नये, निदान निवडणुकीच्या वर्षी तरी.

24 नोव्हेंबर

रस्ता पक्का केला. मनाचा रस्ता काढायची गरजच पडली नाही, सुरत–बऱ्हाणपूर हा जुना व्यापारी मार्ग आमच्या दारावरूनच जात होता. इंग्रजांचा वकील थॉमस रो 1615 च्या नोव्हेंबरात सुरतेहून जहांगीराच्या दरबाराकडे निघाला तो याच वाटेनं: व्यारा, नवापूर, नंदुरबार, निमगूळ, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, अडावद, रावेर आणि मग बऱ्हाणपूर. साधारण दोन आठवड्यांत पोचला. गावं सगळी मातीची, उतरायला धड घर नाही, अशी त्याची कुरकुर आहे. रो साहेबाकडे घोडे होते, पैसा होता, बरोबर माणसं होती. आमच्याकडे भरलेली गाडी, पोरं आणि एक गाय. दिवसाला चार-पाच कोस धरले, बाजाराचे आणि आजारपणाचे मुक्काम धरले, तर महिना लागणारच.

निघायचं कधी, हेही त्यावरून ठरलं. दिवाळी करून निघायचं, म्हणजे तापी उतरलेली, वाटेत दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, उभी, बैलांना कडबा मिळतो. पावसाआधी झोपडं उभं राहिलं पाहिजे, नाहीतर पहिलं साल वाया. प्रवासाचं सगळं वेळापत्रक पिकांच्या वेळापत्रकावर बसवलं. तारखांपेक्षा हे बरं. त्या माणसांना तारखा ठाऊक नव्हत्या, दादर कधी निसवते ते ठाऊक होतं.

8 डिसेंबर

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बारावा खंड, खानदेशचा, 1880 चा. कॅम्पबेल साहेबाच्या देखरेखीखाली निघालेला. रात्री थोडा थोडा वाचते आहे. पिकं, झाडं, जाती, रस्ते, घाट, बाजार, जत्रा. माणूस सोडून सगळं मोजलेलं आहे, आणि माणूसही मोजलेलाच आहे.

आमच्या गोष्टीला लागणारा भाग असा. 1802-03 मध्ये होळकरांच्या फौजांनी मुलूख लुटला, पाठोपाठ दुष्काळ पडला, लोक गावं सोडून गेले. पेशवाई 1818 ला बुडाली तेव्हा खानदेशात शेकडो गावं ओस होती, शेतांवर झाडी चढली होती, वाघ गावठाणात फिरत होते. कंपनी सरकारला सारा हवा, साऱ्याला कुणबी हवा, म्हणून पडीक जमीन इस्ताव्यानं द्यायची. पहिल्या वर्षी धारा, म्हणजे जमिनीचा सारा, नावापुरता, मग दरसाल चढता, शेवटी पुरा. कौल, म्हणजे जमिनीचा लेखी सरकारी करार, मिळायचा, बैल-बियाण्याला तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, मिळायचं. कौल घेऊन लोक बाहेरून आले, त्यातलेच आमचे.

म्हणजे कादंबरीचा सांगाडा सरकारनंच करून ठेवलाय. चढता धारा हेच कथानक. पहिल्या वर्षी फुकट वाटलेली जमीन शेवटच्या वर्षी काय मागते? पाच भाग, पाच सालं. हे जमलं.

15 डिसेंबर

काल दत्तजयंती, सारंगखेड्याची यात्रा सुरू झाली. शाळेतल्या दोघींबरोबर गेले. त्या घोडे बघत हिंडल्या, मी गाड्यांचा माणूस शोधत होते. शेवटी अवजारांच्या बाजूला एक म्हातारा सुतार सापडला. त्याचे वडील गाड्या करायचे, यानंही तरुणपणी केल्या, आता कुऱ्हाडीचे दांडे विकतो.

त्याला विचारलं, वाळूतून भरली गाडी न्यायची तर? तो आधी हसला. मग जमिनीवर काडीनं चाक काढलं: मधे तुंबा, त्यात आरे, आऱ्यांवर पाटे, पाट्यांवर लोखंडी धाव. म्हणाला, धाव अरुंद असली की वाळू कापत खाली जाते, गाडी बसते. जुन्या गाड्यांची चाकं जाड, काहींना धावच नसायची, ती वाळूवर तरायची पण दगडात फुटायची. म्हणजे नदीला चांगली ती घाटाला वाईट. आख लाकडाचा असेल तर दर मुक्कामाला एरंडेल, नाहीतर आख जळतो. "जळस म्हंजे?" खरोखर धूर निघतो, म्हणाला, आणि मैलभर आधी ओरडायला लागतो.

नवापूरचा घाट आणि थाळनेरची वाळू, दोन्ही एकाच चाकानं पार करायची. थोरल्या भावाला घाटाचं चाक हवं, धाकट्याला नदीचं. भावाभावांचं पहिलं भांडण सुरतेतच, सुताराच्या अंगणात. पहिलं प्रकरण इथूनच सुरू करते. निरोपाचं, रडारडीचं प्रकरण काढून टाकलं. तसली निघताना-रडणारी प्रकरणं मी वाचकांत असताना उलटूनच जाते.

29 डिसेंबर, थाळनेर

सकाळी किल्ल्यावर. किल्ला म्हणजे आता तापीवर लोंबणारी तटाची बाजू आणि मधे गवत. पलीकडे फारुकी सुलतानांच्या कबरी, एक आठ कोनांची, कोरीव. खानदेशच्या फारुकींची सुरुवात इथली. नंतर राजधानी बऱ्हाणपूरला गेली आणि थाळनेर उताराचं गाव राहिलं.

1818 च्या फेब्रुवारीत, 27 तारखेला, जनरल हिस्लॉपनं हा किल्ला घेतला. दरवाज्यात गोंधळ झाला, इंग्रजांचे अधिकारी मेले, मग आतली शिबंदी कापून काढली आणि किल्लेदाराला फाशी दिलं. आमची गाडी इथं आली ती त्यानंतर वीस वर्षांनी. ज्यांनी ते पाहिलं ती माणसं तेव्हा चाळिशी-पन्नाशीत असणार. नावाडी, धोबी, किराणावाला.

मोह असा की नावाड्याच्या तोंडून सगळी लढाई सांगवावी. नको. नाव चालवणारा माणूस धारेत असताना इतिहास सांगत नाही, भाडं ठरवतो. त्याला एकच वाक्य दिलं: पाडलेल्या तटावर बकऱ्या चढल्यात तिकडे बोट करून तो म्हणतो, "तठून चढना व्हता गोरा." बाकी वाचकानं आपलं आपण जमवावं. ज्याला जमणार नाही त्याचं काही अडणार नाही.

नदीचं दृश्य जागेवर बसून लिहिलं. बैल सोडून पोहवत नेले, गाडी रिकामी करून माणसांनी ढकलली, सामान आणि बायका डोंग्यात. धाकट्याची बायको, कादंबरीतली जिवी, डोंग्यात बसायला तयार नाही कारण गाय डोंग्यात बसत नाही आणि गाय तिच्या माहेरची. ती गाईचं शेपूट धरून पाण्यात उतरते. घरातल्या गोष्टीत ती 'वाहून जाता जाता वाचली' आहे. माझ्या पानांवर ती स्वतःहून उतरली आणि गाय घेऊन बाहेर आली. मोठ्या मायला हे आवडलं असतं.

12 जानेवारी 2025, नाशिक

तीर्थोपाध्यायांकडे. गावाचं आणि आडनावाचं नाव सांगितल्यावर त्यांनी माळ्यावरून वही काढली. लांबट, लाल कापडात बांधलेली, वरच्या कडेला शिवलेली, पान वर उलटायचं. बोरूची शाई काही ठिकाणी तांबूस झालेली, काही ठिकाणी कालची वाटावी इतकी काळी. आमच्या गावाच्या पानावर आधी माझ्या पणजोबांची बाळबोध सही, वाकडी, मग त्याच्या मागे मोडी. अस्थी घेऊन आलेला माणूस नाव सांगतो, बाप, आजा, भाऊ, मुलं, बायका सांगतो, आणि उपाध्ये लिहून घेतात. पुढच्या पिढीतला आला की खाली भर घालतात.

सर्वांत जुनी नोंद शके 1771, सौम्य नाम संवत्सर, म्हणजे 1849. धुळ्याच्या एका निवृत्त गुरुजींना फोटो पाठवला, त्यांनी मोडी लावून दिली. थोरल्याच्या अस्थी धाकट्यानं आणल्या आहेत. गावाचं नाव आमचंच. म्हणजे 1849 ला वस्ती झालेली होती, 1838 चालून जातं.

बारोटाच्या, म्हणजे वंशावळ्या सांभाळणाऱ्या भाटाच्या, चोपडीत मात्र आम्ही थेट पावागडाहून निघतो, चांपानेर महमूद बेगड्यानं 1484 ला घेतलं त्या धामधुमीत, आणि मधली साडेतीनशे वर्षं पाच नावांत उरकतात. माणशी सत्तर वर्षं! पावागड आप्पांना अत्यंत प्रिय आहे. कादंबरीत तो थोरल्याच्या तोंडी ठेवते, म्हणजे कुणीतरी तेव्हाही फुशारकी मारत होतं एवढं त्यातून कळेल.

2 फेब्रुवारी

काळाला न शोभणाऱ्या वस्तूंची झाडाझडती. आज रविवार सगळा यातच गेला, आणि मजा आली.

केळी गेली. आज गावात शिरलं की दोन्ही बाजूंना केळीच, पण हे बागांचं रान विहिरींच्या, मग विजेच्या पंपांच्या काळातलं. 1838 च्या शिवारात ज्वारी, बाजरी, कपाशी, तीळ, तूर. शेंगदाणा गेला, भुईमूग खानदेशात एवढा पसरला तो फार नंतर. त्याबरोबर शेंगदाण्याचं कूट गेलं, ठेच्यातले दाणे गेले, तेल तिळाचं आणि करडईचं झालं. शेवभाजीचा तर प्रश्नच नाही. बटाटा काढला. मिरची राहिली. वांगं राहिलं, म्हणजे भरीत राहिलं, देवाची कृपा. कळण्याची भाकरी राहिली. चहा गेला, आणि चहा गेल्यावर लक्षात आलं की पाहुणा आला की माझी सगळी पात्रं चहा टाकायला उठत होती. आता ती पाणी देतात आणि गूळ देतात, आणि संवादाला दुसरीकडून सुरुवात करावी लागते.

काड्यापेटी गेली, चकमक आली. विस्तव शेजारून आणायचा, आणि शेजारी कुणी नसेल तर राखेखाली जपायचा. पहिल्या मुक्कामी शेजारी कुणी नाही. मग एका सकाळी विस्तव विझला तर जिवी कुणाकडे जाईल?

हा प्रश्न वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवला.

23 फेब्रुवारी

दहावीची परीक्षा सुरू. पर्यवेक्षण, शिक्के, पेट्या. काही लिहिलं नाही.

22 मार्च

परीक्षा संपली, पुन्हा टेबलावर.

तिसरा भाग, गावात पोचण्याचा, पुढे सरकत नाही. कारण विस्तवाचाच प्रश्न. जिवीला धूर दिसतो, ती धुराच्या दिशेनं चालत जाते आणि कुणाच्या तरी चुलीपाशी उभी राहते. ती चूल कुणाची? आमच्या गोष्टीप्रमाणे तिथं कुणी असायलाच नको.

गॅझेटिअरनंच याचं उत्तर दिलेलं आहे, फक्त ते चोर-दरोडेखोरांच्या पानांवर आहे. होळकरांच्या धामधुमीनं आणि दुष्काळानं कुणबी पळाला. भिल्ल गेले नव्हते. सातपुड्याच्या पायथ्याला, नदी-नाल्यांच्या बेचक्यांत ते होतेच. पूर्वी गावाच्या राखणीचे त्यांचे हक्क होते, गावोगाव भिल्ल जागल्या असायचा, खळ्यावर त्याचं धान्य ठरलेलं. गावंच उठली तशी हक्कही बुडाले, आणि मग लूट. कंपनीनं आधी घाट अडवून, रसद तोडून पाहिलं. पहिले पोलिटिकल एजंट ब्रिग्ज साहेब त्यातच थकले. 1825 ला धोरण फिरलं. आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं भिल्ल पलटण उभी केली, धरणगावला तिचं ठाणं. दक्षिणेकडे, कन्नडच्या बाजूला, ओव्हन्स साहेब भिल्लांना बैल-बियाणं देऊन नांगराला लावत होता.

म्हणजे एकाच दशकात, एकाच खजिन्यातून, भिल्लाला सांगितलं जातंय की इथं स्थिर हो, आणि सुरतेकडच्या कुणब्याला सांगितलं जातंय की ये, जागा मोकळी आहे. पडीक हा साऱ्याच्या वहीतला शेरा आहे. त्या जमिनीचा धारा येत नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. डिंक, मोह, गवत, शिकार, आणि मधे मधे राब जाळून पेरलेली नागली-भगर, हे वहीत कुठं दिसणार?

आमच्या घरानं 'पडीक' ऐकलं आणि 'माणूस औषधाला नाही' असं सांगितलं. कौलात कीर्द-मामुरी, म्हणजे लागवड आणि वस्ती, करण्याचा हुकूम असतो, पूर्वी कोण होतं याचा रकाना नसतो.

तिसऱ्या भागात चूल येणार. चुलीपाशी एक म्हातारी बसलेली. ती विस्तव देते, पण मातीच्या परळात नाही, आपल्याच जळत्या लाकडावर, आणि म्हणते लाकूड परत आण. बोली कुणाची कुणाला कळत नाही. जिवी संध्याकाळी दुसरं लाकूड नेऊन देते, ते म्हातारी घेत नाही. तेच हवं. ते तर जळून गेलेलं.

6 एप्रिल

पाचव्या भागाला उजेड दिसला. 1852 च्या अखेरीस खानदेशात जमिनीची मोजणी सुरू झाली तेव्हा सावदा, रावेर, चोपडा या भागात लोक उठले. मोजणीचे साहेब पिटाळले, धारा वाढणार म्हणून गावोगाव सभा. फौज आली, पुढारी धरले, मोजणी झाली. भूमी अभिलेखच्या कचेरीत आजही आकारबंद, टिपण बुक मागताना आपण त्याच मोजणीच्या पोटातलं काही मागत असतो.

धाकटा तेव्हा पन्नाशीचा. इस्तावा पुरा झालेला, धारा पुरा चढलेला. साखळी घेऊन आलेल्या माणसांपुढे तो काय सांगतो? 'ही जमीन माझी, मी रान तोडून केली.' घरातली गोष्ट पहिल्यांदा मोठ्यानं सांगितली गेली ती इथं, सरकारपुढे, असं मी धरलंय. गोष्टी कुठल्यातरी कामासाठीच तयार होतात. आमचीही धाऱ्याच्या भीतीनं तयार झाली असावी. हे रचलेलं आहे आणि पुस्तकाच्या शेवटच्या टिपणात तसं सांगणार आहे. मोजणीचं बंड खरं, चोपड्याचं नाव त्यात आहे ते खरं, आमचा माणूस त्यात होता याला काही आधार नाही.

30 एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया)

माहेरी. सकाळी घागरी भरल्या, वर डांगर ठेवलं, पितरांची नावं घेतली. आप्पांना सात पिढ्या पाठ आहेत. पोरी झोक्यावर, गौराईची गाणी, आत आमरस आणि खापरावरचे मांडे. सालदारांचे हिशेब ओसरीवर चाललेले, कारण साल आखाजीलाच पुरं होतं.

दुपारच्या आत नाल्याकाठच्या शेतात गेलो. तिथं बांधावर वाघदेवाचा दगड आहे, कमरेएवढा, शेंदूर इतका बसलेला की मूळ दगड कसा आहे ते कुणी पाहिलेलं नाही. दरवर्षी नांगर घालण्याआधी इथं पूजा. पूजा आम्ही करत नाही. नाल्यापलीकडच्या वस्तीवरचा माणूस करतो. आम्ही चपला काढून मागे उभे राहतो. हे मी जन्मापासून पाहते आहे आणि आज पहिल्यांदा पाहिलं.

त्यानं शेंदूर लावला, नारळ फोडला, छोट्या बाटलीतून मोहाची धार सोडली. मग आप्पांनी सूप भरून दादर त्याच्या पंच्यात ओतली. सपाट नाही, शिगोशीग, आणि वरून दोन ओंजळी. कोंबड्याचे पैसे वेगळे. तो मोजत नाही, आप्पा त्याच्याकडे बघत नाहीत. सगळं दोन मिनिटांत.

परतताना मी त्याला विचारलं, दादा, हे धान्य कशाचं? तो म्हणाला, "माले काय मालूम, ताई. मन्हा आजा करे, मन्हा बाप करे, म्हनीसन मी करस."

जागल्याचा हक्क म्हणावा तर तो खळ्यावर, सुगीत, सगळ्या गावानं द्यायचा. हे एकाच शेतात, एकाच घरानं, पेरणीआधी. राखणीचं म्हणून हे पटत नाही. जमीन वापरायला मागून घेतल्यावर दरसाल काही देतात, तसं दिसतं. पुरावा म्हणून हे कोर्टात टिकणार नाही. कादंबरीला एवढं पुष्कळ झालं.

4 मे

रात्रभर बसून तिसऱ्या भागाचा शेवट लिहिला. थोरला, धाकटा, म्हातारीचा मुलगा, दगड. कौल थोरल्याच्या कमरेला आहे, तो काढून दाखवतो. समोरच्याला वाचता येत नाही, थोरल्यालाही येत नाही. कागद परत कमरेला. मग सूप येतं. किती भरायचं यावर अर्धा दिवस जातो. शिगेवर दोन ओंजळी कुठून आल्या ते तिथं कळतं.

सकाळी आप्पांना वाचून दाखवलं. मोठ्यानं वाचणं चांगलं, दोन लांबलचक वाक्यं तिथंच मेली. नदीपर्यंत आप्पा खूश होते. गाईच्या शेपटाला हसले. दगड आला तसे सरसावून बसले.

"तू आम्हना बापदादासले चोर ठराई ऱ्हायनी का?"

म्हटलं, आप्पा, चोर कुठं? ठराव करताहेत ना दोघं मिळून.

"मंग लोके म्हनतीन, आपली जमीन भाड्यानी व्हती."

ते उठून बाहेर गेले, बैलांना पाणी दाखवलं, परत आले. आणि बसल्यावर, मी न विचारता, सांगायला लागले. हे आधी घरात कुणाच्या तोंडून आलेलं नव्हतं. नाल्याकाठचा पट्टा त्यांच्या लहानपणी वस्तीवरचा माणूसच नांगरायचा, याचाच आजा. निम्मं पीक त्याचं. कूळकायदा 1948 ला आला, तरी काही वर्षं तसंच चाललं. मग 1 एप्रिल 1957 ची तारीख जवळ आली, कसेल त्याची जमीन होणार. आप्पांच्या वडिलांनी त्या हंगामात नांगर स्वतः धरला. भांडण नाही, मारामारी नाही. नुसतं सांगितलं, औंदा आम्ही करतो. कागदावर कूळ म्हणून त्याचं नाव कधी लागलंच नव्हतं. सूप मात्र बंद केलं नाही. "बाप म्हने, सूप बंद करशान तर जमीन पिकाव नही."

आप्पा तेव्हा बारा-तेरा वर्षांचे. त्या हंगामात नांगरामागे तेच चालले होते.

11 मे

आठवडाभर फोन. चुलतभाऊ वकील आहे, त्याचं म्हणणं: 1974 चा आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा आहे, उगाच छापील कागद करू नकोस. मी म्हटलं, कादंबरी आहे. तो म्हणाला, तेच तू सगळ्यांना सांगत बसशील. धाकटी बहीण म्हणते, छापच. आत्याचं म्हणणं वेगळंच, वाघानं गडी नेला ते का घातलं नाहीस.

1957 कादंबरीत घ्यायचं नाही असं ठरवलं. घेतलं तर सगळं पुस्तक त्या एका हंगामाकडे कलतं आणि जिवी, नदी, चाक, सगळी प्रस्तावना होऊन बसतात. पण ते कळल्यावर 1838 चा ठराव आता तसा राहत नाही. आधीच्या खर्ड्यात दोन्ही बाजू समाधानानं उठत होत्या. गोड होतं ते. आता म्हातारीचा मुलगा उठताना एक अट घालतो: सूप आमच्या दगडापाशीच द्यायचं, तुमच्या खळ्यावर आम्ही येणार नाही. देणाऱ्यानं चालत यायचं. थोरल्याला ही अट क्षुल्लक वाटते आणि तो लगेच कबूल होतो. मला ती सगळ्यात जड वाटते, म्हणून त्यावर एकही वाक्य खर्च केलं नाही.

1957 साठी वेगळी वही केली. त्यात आधी आप्पांचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं. नाल्यापलीकडे जाऊन त्यांच्याकडे ही गोष्ट कशी सांगतात ते ऐकायचं आहे, आणि तिथं आप्पांची पुतणी म्हणून नुसतं जाऊन बसता येणार नाही. वस्तीवरची एक मुलगी माझ्या वर्गात होती, आता अंगणवाडीत आहे. आधी तिला विचारते, यावं का म्हणून.

आप्पांच्या दोन अटी: गावाचं नाव बदल, आणि दगड काढ. गावाचं नाव बदललं. दगड आहे तिथंच आहे. मेळाव्यासाठी त्यांना वंशावळ, सात पिढ्यांची नावं आणि फोटोंची वेगळी पुस्तिका करून देते, पावागडासकट.

राहिलेलं काम: दुसऱ्या भागात नंदुरबारचा बाजार फार लांबलाय, निम्मा कापायचा. धुळ्याच्या गुरुजींकडून इस्ताव्याच्या कौलाचा एखादा अस्सल नमुना मिळतो का बघायचं, मायना तंतोतंत हवा. जिवीच्या तोंडची बोली सुरतेकडच्या एका ओळखीच्या बाईंकडून तपासून घ्यायची. शाळा 16 जूनला उघडते, त्याआधी तिसरा भाग टाइप होऊन हातावेगळा.